औशाकडच्या दोन एकरांत इथेनॉलचा ऊस लावावा का?

तेरणाकाठ | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आठवडाभर घरात एकच विषय चालू आहे, म्हणून इथे मांडते.

माहेर औसा तालुक्यातलं. साडेपाच एकर रान, दोन बोअर. एक सहाशे फुटांवरचा, दुसरा मार्चनंतर नुसती हवा ओढतो. धाकटा भाऊ सोयाबीन-हरभरा करतो. यंदा सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन उभ्या जागी गेलं, शेंगांतच कोंब फुटले. गावापासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या साखर कारखान्याने डिस्टिलरी, म्हणजे इथेनॉलचा प्लँट, वाढवली आहे आणि त्यांचा चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद घेणारा माणूस, दोनदा दारात येऊन गेला. म्हणाला, साखरेचे दिवस गेले, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल जातंय, ऊस कितीही लावा, उचलतो. भावाने पूर्वहंगामी लागणीसाठी दोन एकर नांगरून ठेवलंय.

२०१६ साली मी लातूर शहरात भाड्याने राहत होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती 'जलदूत'. पहिल्या फेरीला दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत आम्ही भांडी राखेने घासून फडक्याने पुसत होतो. परवा नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉलवरचा अहवाल वाचला. त्यात लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. मी हिशेब केला: त्या पहिल्या रेल्वेतलं सगळं पाणी उसाला घातलं तर पावणेदोनशे लिटर इथेनॉल निघेल. फार तर चार मोटारींच्या टाक्या.

आणखी एक. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यातला एक मिरजेलाच. दुसरा मनमाडला. पाण्याची रेल्वे आणि इथेनॉल, दोन्ही गोष्टी एकाच मिरज स्टेशनाच्या, आणि माझ्या डोक्यातून ते जातच नाही.

आपल्यासारख्या देशात शेतातून इंधन काढणं टिकणारं आहे का? आणि भावाला मी काय सांगू?

---

कडबाकुट्टी | ८ नोव्हेंबर, रात्री ९.५८

बोअरवर ऊस नको. एवढंच.

---

दूधगंगा | ८ नोव्हेंबर, रात्री १०.३५

ताई, तळमळ पोचली, पण २८६० चा आकडा सगळीकडं सारखा लावू नका. मी त्याची फोड करून बघितली आहे. एक टन उसाच्या रसापासून सत्तर लिटर इथेनॉल. म्हणजे टनाला दोन लाख लिटर पाणी. एकरी चाळीस टन धरले तर ऐंशी लाख लिटर, म्हणजे रानावर वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी. ही पिकाची एकूण गरज झाली, त्यात पाऊसही आला. आमच्याकडं राधानगरी-कागल पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने पंप बंदच असतो, वर नदी बारमाही. तुमच्याकडं वर्षाचा पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटर, त्यातलाही बराच चार-पाच दिवसांत पडून वाहून जाणार. उरलेलं सगळं जमिनीखालून ओढायचं.

म्हणून एकच लिटर इथेनॉल कागलात तयार झालं तर वेगळं आणि औशात तयार झालं तर वेगळं. पंपावर मात्र दोन्हींचा रंग एकच.

---

आसवनी | ८ नोव्हेंबर, रात्री ११.१०

मी डिस्टिलरीत केमिस्ट आहे, सोळा वर्षं झाली. दोन गोष्टी.

पहिली, सगळं इथेनॉल रसापासून होत नाही. साखर काढून उरते ती सी-हेवी मळी, तिच्यातून टन उसामागे दहा-अकरा लिटर. साखर थोडी मागे ठेवून बी-हेवी घेतली तर वीसच्या आसपास. सी-हेवीच्या इथेनॉलवर २८६० लिटर पाणी टाकणं अन्याय आहे, ते पाणी साखरेच्या नावावर आधीच पडलेलं असतं. शिवाय आमचा बॉयलर चिपाडावर चालतो, कोळसा लागत नाही, हंगामात वर वीज विकतो. कार्बनच्या हिशेबात उसाचं इथेनॉल धान्याच्या इथेनॉलपेक्षा उजवं ठरतं ते या चिपाडामुळे. आणि कारखान्याच्या दृष्टीने, साखर विकायला वर्ष जातं, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीन आठवड्यांत येतात. त्यातूनच शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे सरकारने उसाला बांधून दिलेला दर, वेळेवर निघते.

दुसरी, चिटबॉयने 'कितीही लावा' सांगितलं ते खरं नाही. यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, इथेनॉल पुरवठा वर्षात तेल कंपन्यांनी जे वाटप केलं त्यात ऊस-मळीचा हिस्सा एक तृतीयांशापेक्षाही कमी आहे, बाकी सगळं मका आणि तांदूळ. आमच्याच टाक्या निम्म्या क्षमतेवर चालणार आहेत. ७ डिसेंबर २०२३ आठवतो का? दुष्काळामुळे साखर कमी पडेल म्हणून केंद्राने रसापासून इथेनॉल करायला एका दिवसात बंदी घातली. आठवड्याभरात थोडी सैल केली, १७ लाख टन साखरेपुरती. त्या आठ दिवसांत कर्ज काढून उभारलेल्या प्लँटसमोर आम्ही हात बांधून उभे होतो.

---

स्कूटरस्वार | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

विषयांतराबद्दल माफी. माझी गाडी २०१७ ची, दहा टक्क्यांपर्यंतचीच. आता पंपावर वीस टक्क्यांशिवाय दुसरं मिळतच नाही. ॲव्हरेज कमी झालंय असं वाटतं. हा भास की खरं?

---

आसवनी | ९ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

खरं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा. ज्या अहवालाचा ताईंनी उल्लेख केला त्यातच जुन्या चारचाकींना ६-७ टक्के आणि दुचाकींना ३-४ टक्के घट लिहिली आहे. रबरी नळ्या आणि गॅस्केट तपासून घ्या.

---

मांजरापट्टा | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

सगळे पाणी पाणी करायलेत, मी पैशाचं बोलतो. मी लातूरचाच, चार एकर ऊस हाय माझा.

सोयाबीनचा हमीभाव गेल्या साली, २०२४ ला, क्विंटलला ४८९२ होता. आडत्यानं मला दिले चार हजार शंभर. यंदा, २०२५ ला, ५३२८ जाहीर झालाय, आन् माल काळा पडलाय म्हणून तेवढाही भाव नाही. उसाचं काय, २०२५-२६ ची एफआरपी टनाला ३५५०, सव्वादहा उताऱ्याला, म्हंजी शंभर किलो उसाला सव्वादहा किलो साखर निघाली तर. तोडणी-वाहतूक कापून सत्तावीसशे-अठ्ठावीसशे हातात येतेत. एकरी चाळीस टन धरा. सप्टेंबरात आमच्या शिवारात चार दिवस पाणी साचलं. सोयाबीन गेलं, उडीद गेला, तूर बसली. ऊस आडवा झाला, पण गेला नाही. आडवा ऊस बी काट्यावर चढतोय.

ज्याला भाव बांधून दिलेला हाय, ज्याचा गिऱ्हाईक ठरलेला हाय, असं दुसरं एक पीक दाखवा मला. दाखवा, मी उद्या ऊस मोडतो. आम्हाला पाण्याची किंमत कळत नाही असं नाही. २०१६ ला मी बी रांगेत हुतो, ताई.

---

तेरणाकाठ | ९ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

दादा, तुमचं म्हणणं भावानेही जसंच्या तसं मांडलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

अंडेवाला | ९ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

सोयाबीनचा भाव का पडला त्याचं एक कारण इथेनॉलमध्येच आहे, ते कुणी बोलत नाही.

माझ्या शेडमध्ये आठ हजार पक्षी आहेत. खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. मक्याच्या इथेनॉलला सरकारने लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर दिला आणि सगळ्या धान्य डिस्टिलऱ्या मक्यावर तुटून पडल्या. मी अठराशेने घेत होतो तो मका चोवीसशेपर्यंत गेला. मका विकणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला.

आता दुसरी बाजू. मक्यातला स्टार्च काढून घेतला की प्रथिनांचा चोथा उरतो, त्याला आम्ही डीडीजीएस म्हणतो. क्विंटल मक्यामागे तीसेक किलो. तो स्वस्त पडतो, म्हणून खाद्य कंपन्यांनी सोयापेंड कमी करून तो घालायला सुरुवात केली. पेंडीची मागणी घटली की सोयाबीन पडणारच. जगातल्या स्वस्त सोयाबीनचाही वाटा आहे, पण हे घरचं कारण आहे. एका हाताने मका शेतकऱ्याला दिलं ते दुसऱ्या हाताने लातूरच्या सोयाबीनवाल्याचं काढून घेतलं. मग तोच शेतकरी ऊस लावायला निघतो.

---

मांजरापट्टा | ९ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

हे मला म्हाईत नव्हतं. आडत्यानं कधीच सांगितलं नाही.

---

चिवडा_फरसाण | ९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

आमच्या कढईतही हेच आहे. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, जवळजवळ चार आठवडे. आधीच युक्रेनच्या लढाईने सूर्यफूल बंद. त्या महिन्यात डब्याचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. मी तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. इंडोनेशिया २०२५ पासून डिझेलमध्ये चाळीस टक्के पाम बायोडिझेल मिसळतंय. तिथला ट्रक जेवढं तेल जाळणार तेवढं इकडे कमी येणार. आणि ती झाडं जिथे लावली तिथे आधी जंगल होतं, कुजक्या पालापाचोळ्याची दलदलीची जमीन. ती सुकवली की वर्षानुवर्षं धुमसते. २०१५ मध्ये धूर सिंगापूरपर्यंत गेला होता. त्या डिझेलला हिरवं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

---

गोठा | ९ नोव्हेंबर, दुपारी २.१०

आमचे आजोबा म्हणायचे, बैल गवतावर चालतो आणि वर शेणही देतो. जैवइंधनाचं पहिलं वाहन गोठ्यातच होतं. :)

---

बरडमाळ | ९ नोव्हेंबर, सायंकाळी ५.००

मोगली एरंडाची गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहितो. काही जण त्याला चंद्रज्योत म्हणतात, हिंदीत रतनजोत, इंग्रजीत जट्रोफा.

२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने सांगितलं होतं की पडीक जमिनीवर हे झाड लावायचं आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळायचं. छत्तीसगडमध्ये घोषणाच होती, 'डीज़ल नहीं अब खाड़ी से, डीज़ल मिलेगा बाड़ी से'. झाडाला पाणी लागत नाही, खत लागत नाही, जनावर तोंड लावत नाही. वडिलांनी २००६ मध्ये तीन एकर बरडावर लावलं. एक कंपनी रोपं देऊन गेली, बी विकत घेण्याचा कागदही दिला. तिसऱ्या वर्षी झाडामागे मूठभर बी. झाड बिनपाण्याचं जगतं, हे अगदी खरं. पण बिनपाण्याचं फळत नाही. ते फळवायला पाणी द्यायचं तर मग त्या पाण्यावर ज्वारी का नको? चौथ्या वर्षी कंपनीचा फोन बंद. शाळेतल्या दोन पोरांनी बिया खाल्ल्या, रात्रभर उलट्या, दवाखान्यात सलाइन.

आणि ती जमीन 'पडीक' कधीच नव्हती. तिथे आमच्या वाडीतली सोळा-सतरा घरं शेळ्या चारत होती. पडीक हा शब्द कागदावरचा आहे. देशातल्या डिझेलमध्ये आजही एक टक्का बायोडिझेल नाही. वडील गेले, ती झाडं बांधावर अजून उभी आहेत.

---

दारेसलामकर | ९ नोव्हेंबर, रात्री ८.४५

बरडमाळ, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. मी पूर्व आफ्रिकेत साखर कारखान्यांत अकरा वर्षं काढली. टांझानियात दारेसलामजवळ किसरावे जिल्हा आहे. तिथे एका ब्रिटिश कंपनीने याच झाडासाठी हजारो हेक्टर जमीन घेतली. रस्ते, शाळा, नोकऱ्या देऊ म्हणाले होते. २०११ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. नोकऱ्या गेल्या, आणि लोकांना त्यांची जमीन परत मिळाली नाही, कारण कागदोपत्री ती आता गावाची राहिलीच नव्हती. झाड तेच, आश्वासनं तीच. तुमच्या वडिलांची जमीन निदान त्यांच्या नावावर राहिली.

---

पायवाट_साओपावलो | ९ नोव्हेंबर, रात्री ११.५५

ब्राझीलचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं, त्याआधीच सांगते. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे साओ पावलो राज्यात तीन वर्षं होते.

ते लोक १९७५ पासून यात आहेत, तेलाचा भाव भडकला तेव्हापासून. २००३ नंतर कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या. पंपावर सगळे एक साधा हिशेब करतात, इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. गिऱ्हाइकाला निवड आहे, आपल्याकडे तीच नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिथला बहुतेक ऊस पावसावर येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मैलोनमैल उसात पाट शोधत होते, मोटरचं घर शोधत होते. काहीच नव्हतं. 'ब्राझीलने केलं, आपणही करू' असं म्हणणाऱ्याने आधी ते शिवार पाहावं.

तिथेही दुखतं ते दुसरीकडे. ऊस जाळून तोडणं बंद केलं आणि यंत्रं आणली, तेव्हा हजारो तोडणी कामगारांचं काम गेलं.

---

कोयता_केज | १० नोव्हेंबर, सकाळी ६.१५

एवढे मोठे लेख झाले, तोडणाऱ्याचं नाव आत्ता कुठे आलं.

मी केजचा. आई-बापाचा कोयता बारा वर्षं होता, मी तळावरच्या साखरशाळेत शिकलो. आता शिक्षक आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की निघायचं, फिटेपर्यंत तोडायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकीच्या आजारपणाचा दिवस दोघांच्या उचलीतून जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ब्याऐंशी हजारांतल्या तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या दोन माझ्या घरातल्या आहेत.

तुम्ही लिटरमागे पाणी मोजता, कार्बन मोजता. जरूर मोजा. साखर असो की इथेनॉल, ऊस तोडणारे हात तेच आहेत. टिकाऊपणाच्या तक्त्यात त्यांचा रकाना मला अजून दिसलेला नाही.

---

तेरणाकाठ | १० नोव्हेंबर, सकाळी ८.००

सर, माझ्याही प्रश्नात तो रकाना नव्हता. याबद्दल मनापासून माफी मागते.

---

विहीर_काळी | १० नोव्हेंबर, सकाळी १०.२०

आमच्या गावाजवळ डिस्टिलरी आहे, नाव लिहीत नाही. एका लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो, काळा, उग्र वासाचा. नियमाने त्याचा एक थेंब बाहेर यायला नको. आमच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं ते २०१९ च्या पावसाळ्यात. साठवण तलाव फुटला म्हणाले. अजून आम्ही प्यायला जार आणतो.

---

आसवनी | १० नोव्हेंबर, दुपारी १.००

तुमचं झालं ते चूक आहे, समर्थन करणार नाही. आमच्याकडे स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतो. जी राख उरते त्यात पालाश असतं, ती खत म्हणून जाते. आपण पालाश जवळजवळ सगळं परदेशातून आणतो, त्यामुळे ही राख मला स्वतःला फार मोलाची वाटते. पण ही यंत्रणा महाग आहे आणि ती चोवीस तास चालू आहे की नाही हे रात्री दोन वाजता कोण बघतं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे.

खरी आशा मला टाकाऊतून काढण्यात आहे. पानिपतला २०२२ पासून भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा प्लँट उभा आहे. रोज एक लाख लिटरची क्षमता. सोपं नाही, पेंढा गोळा करणं, त्यातली माती, सगळंच अवघड. पण तिथे पाणी पिकाने भातासाठी पिलेलं असतं, इंधनासाठी वेगळं नाही. प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळापासून, गॅस काढण्याचंही तसंच.

---

दूधगंगा | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

चर्चा चांगली झाली, पण ताईंच्या भावाचं दोन एकर अजून नांगरून पडलंय. ताई, भावाला एक काम सांगा. मे महिन्यात उभ्या उसाला दिवसाला किमान आठ मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर. एकरी बत्तीस हजार लिटर रोज, दोन एकराला चौसष्ट. ठिबक केलं, नीट चालवलं तर पन्नास हजारांच्या आत-बाहेर. आता दोनशे लिटरचा ड्रम बोअरखाली ठेवायचा, भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघायचं आणि पाणी तुटेपर्यंत मोटर चालवायची. यंदा एवढा पाऊस झालाय, म्हणजे वर्षातलं सगळ्यात चांगलं पाणी आत्ताच मिळणार.

---

तेरणाकाठ | १६ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

मंडळी, हे भावाने सांगितलेलं, मी टाइप करते आहे.

"मोठ्या बोअरला ड्रम चार मिनिटांत भरला. सलग तीन तास दहा मिनिटं चालला, मग तुटला. दुसऱ्या दिवशी परत लावला, तेवढाच. साडेनऊ हजार लिटर. छोट्या बोअरला एकोणीस मिनिटांत संपलं. चिटबॉयला फोन करून नोंद घालू नको म्हणालो, तर तो म्हणाला शेततळ्याचं बघ. बघतो. दीड एकरात हरभरा पेरला, अर्ध्यात ज्वारी, वैरणीला. मांजरापट्टा दादांना सांगा, मी त्यांना चूक म्हणत नाही. सोयाबीनला भाव मिळाला असता तर मी उसाचं नावच काढलं नसतं. त्यांच्या बोअरला ड्रम किती मिनिटांत भरतो ते विचार."

---

मांजरापट्टा | १६ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

तीन मिनिटं. साडेपाच तास चालला. चार एकराला.

तोडलेल्या उसाच्या बुडख्यांचा खोडवा राखणार हुतो. दोन एकराचाच राखतो.